इंजिन बांधायचं, पण आधी मोजायचं

करंजी फाट्यावरून महामार्ग 44 पांढरकवडा, पाटणबोरी करत पैनगंगेपलीकडे तेलंगणात उतरतो. हंगामात या रस्त्यानं कापसाच्या गाठी दक्षिणेकडे जातात. एक गाठ साधारण 170 किलोची. सध्या पोळा उलटलाय, कपाशीला बोंडं धरतायत आणि भाडी थंड आहेत. ज्याच्याकडे एकच गाडी आहे, त्याला मोठं काम काढायला वर्षात हेच दिवस सापडतात.

ट्रकची ट्रॉली बाजूला उभी करून नुसता घोडा, म्हणजे ओढणारं पुढचं तोंड, गॅरेजात आणलाय. मालकच ड्रायव्हर. गाडीचे हप्ते फिटलेत. इंजिन कमिन्सचं 6बीटी, सहा सिलिंडर, 5.9 लिटर. याचा डिझेल पंप यांत्रिक आहे, त्यामुळे कामाला लॅपटॉप लागत नाही, जाणता मिस्त्री लागतो. विदर्भातल्या फाट्याफाट्यावर असे मिस्त्री आहेत आणि त्यांच्या कामाची जेवढी कदर व्हायला हवी तेवढी होत नाही, असं मला मनापासून वाटतं.

सायलेन्सरमधून येणारा हा निळा धूर पाहा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. डिझेल जास्त पडलं किंवा हवा कमी पडली तर धूर काळा येतो. तेव्हा डिझेल फवारणारी नोझल, पंप आणि एअर फिल्टर पाहून बरेचदा काम भागतं. निळ्या धुराचं तसं नाही.

मिस्त्री चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढतो आणि भोकावर नुसतं उलटं ठेवतो. झाकण थडथडतं, सरकतं, खाली पडतं.

"पाहा भाऊ, कॉम्प्रेशन खाली येऊन राह्यलं."

म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या कडेनं खाली निसटतोय. तरी तो लगेच इंजिन खोलत नाही. एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर झिजला तरी चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, अशीच हवा भरते. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचं सील गेलं तरी निळा धूर येतो. म्हणून आधी कॉम्प्रेसरची हवा तोडून झाकण पुन्हा ठेवलं, टर्बोचा शाफ्ट बोटानं हलवून पाहिला. झाकण पुन्हा पडलं. मग गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, ते चौरस सेंटिमीटरला निदान 0.7 किलो हवं, इथं काटा त्याच्याही खाली बसतोय. म्हणजे दुखणं दोन्हीकडे आहे: वर पिस्टनभोवतीच्या, दाब अडवणाऱ्या रिंगा, खाली क्रँकचं, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याचं, बेरिंग.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सुमारे सतरापट दाबली जाते आणि त्या दाबानं इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. रिंग झिजली की हा दाब निसटतो. मग सकाळी बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारावा लागतो आणि चढावर भरलेली गाडी दम टाकते.

"मिस्त्री, नुसत्या रिंगा टाकून हा हंगाम निघन का?"

"निघन. पण पुढच्या पोळ्याले पुन्हा इथंच उभे राहू."

मालकाचा प्रश्न चुकीचा नाही. खर्च कमी, गाडी लवकर रस्त्यावर. पण सिलिंडर वरच्या बाजूला जास्त झिजतो, कारण तिथं दाब आणि उष्णता सर्वांत जास्त आणि ऑइलचा थर सर्वांत पातळ असतो. अशा निमुळत्या, लंबगोल झालेल्या भोकात गोल रिंग बसत नाही. जुन्या इंजिनाला नव्या रिंगा घालून विकायला काढलेल्या गाड्या पुष्कळ असतात. स्वतः चालवायच्या गाडीला हा उपाय करू नये.

भंगारातल्या गाडीचं इंजिन आणून बसवता येतं. त्याचं आतलं काय झालंय हे तेही खोलल्याशिवाय कळत नाही, शिवाय इंजिन नंबर बदलला की आरटीओत आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. नवी गाडी घ्यावी तर ती बीएस-6, म्हणजे धुराच्या कडक नियमांची. 1 एप्रिल 2020 पासून तेच बंधनकारक आहे. तिचा धूर खूप स्वच्छ, हे मान्यच केलं पाहिजे. पण युरियाची टाकी, सेन्सर आणि पुन्हा पहिल्यापासून हप्ते, एवढं ओझं एका गाडीच्या मालकाला पेलेलच असं नाही. जुन्या गाडीलाही आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतंच, म्हणजे धुराचा बंदोबस्त तसाही करायचाच आहे.

म्हणून हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं. सिलिंडरच्या वरच्या कडेजवळ मिस्त्री नख फिरवतो आणि ते एका काठावर अडतं. त्याच्या खाली भिंत आरशासारखी गुळगुळीत झालीय. ऑइल धरून ठेवणाऱ्या तिरक्या रेघा पुसल्या गेल्यात. आता बोअर गेज, म्हणजे भोकाचा व्यास मोजायचं साधन. मूळ बोअर 102 मिलिमीटर, झिजेची मर्यादा 102.116. सहापैकी चार सिलिंडर त्यापलीकडे गेलेत. क्रँकच्या जर्नलवरही, म्हणजे बेरिंगात फिरणाऱ्या भागावरही, ओरखडे आहेत.

इथं निर्णय होतो. या ब्लॉकला कंपनीकडून वेगळं लायनर, म्हणजे बदलता येणारी आतली नळी, नसतं, पिस्टन थेट ब्लॉकच्या भिंतीवर चालतो. पण 0.50 आणि 1.00 मिलिमीटर मोठे पिस्टन मिळतात आणि हा ब्लॉक अजून एकदाही बोअर झालेला नाही. क्रँक 0.25 घासून त्या साइजचं बेरिंग बसेल. ब्लॉकला कुठं तडा नाही, याची नागपूरच्या मशीन शॉपमध्ये खात्री झाली की काम पक्कं. तडा निघाला, तर मीही मालकाला थांबायला सांगेन.

पण झिजलं कशानं? एअर फिल्टरपासून टर्बोकडे जाणारा रबरी होज मिस्त्री मधोमध वाकवतो. घडीत बारीक चीर उघडते. आतून बोट फिरवलं तर तांबूस धूळ. हे इंजिन मिनिटाला 1,500 फेऱ्यांवर टर्बोविनाही साधारण 4,400 लिटर हवा ओढेल; टर्बोमुळे त्याहून जास्त. फिल्टरच्या पुढं चीर पडली की त्यातली थोडी हवा न गाळताच आत जाते आणि रिंगांना घासत राहते. वणीकडची कोळशाची धूळ, जिनिंगच्या आवारातली माती, सगळं त्याच वाटेनं. हा होज तसाच ठेवून इंजिन बांधलं तर सगळा पैसा पाण्यात. तो आणि त्याचे क्लॅम्प यादीत सगळ्यात वर लिहून घेतले. रेडिएटरची सफाई, पंप आणि नोझलची तपासणी त्याखाली.

मालकानं होकार दिला.

बांधलेलं इंजिन आयडलवर तासन् तास चालू ठेवायचं नाही. रिंगा लोडखालीच बसतात, नुसतं घुरघुरत ठेवलं तर भिंतीवर पुन्हा चकाकी चढते. पहिल्या फेऱ्या मध्यम वजनाच्या, चढावर खालचा गिअर. ऑइल आणि फिल्टर नेहमीपेक्षा बरेच आधी बदलायचे, आणि निघालेला फिल्टर फेकायचा नाही. तो कापून कागदाच्या घड्या उन्हात उलगडून पाहायच्या. चमकणारे कण दिसले, तर पुढचं भाडं घेण्याआधी चेंबर उतरवून बेरिंग पाहायचं.