मेडकिटची किंमत

श्रोतेहो, नमस्कार. 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात मालवणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढलेल्या असतात आणि आमच्या वाडीतली मुले पडवीत मोबाईलवर खेळत बसतात. मध्येच कोणीतरी ओरडतो, "वाईच थांब रे, हील करतंय!" खेळातल्या पात्राची घटलेली हेल्थ औषधाने किंवा अन्नाने भरून काढणे म्हणजे हील करणे.

1992 साली आलेल्या 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी'त प्रथमोपचाराच्या पेटीने 25, जेवणाने 10 आणि कुत्र्याच्या खाण्याने 4 गुण हेल्थ वाढत असे; जीव जाताना कुत्र्याचे खाणेही चालते, हे त्या खेळाने फार गंभीरपणे मांडले होते. पुढच्या वर्षीच्या 'डूम'मध्येही पेटीवरून नुसते धावत गेले की गुण जमा होत, त्यामुळे पेटी नेमकी कुठे पडली आहे आणि तिथवर जिवंत पोहोचता येईल का, एवढाच प्रश्न उरे.

'पब्जी'ने यात वेळ आणला. तिथे बँडेज बांधायला 4 सेकंद लागतात आणि 10 गुण मिळतात. फर्स्ट एड किट 6 सेकंदांत हेल्थ 75 पर्यंत नेते, तर मेडकिट ती पूर्ण भरते, पण 8 सेकंद घेते. तेवढ्या वेळात गोळी झाडता येत नाही, म्हणून आडोसा शोधावा लागतो किंवा सोबत्याने राखण करावी लागते. माझ्या मते औषधाची खरी किंमत याच सेकंदांत आहे. (आजारी माणसाला आमच्याकडे देतात त्या उकड्या तांदळाच्या पेजेला गुण यायला दोन दिवस लागतात, तेवढा धीर कुठला खेळ धरणार?) उलट 2004 च्या 'हेलो 2'ने पेट्याच काढून टाकल्या आणि थोडा वेळ लपले की पात्र आपोआप सावरू लागले. सोय झाली खरी, पण पेटीसाठी जीव धोक्यात घालण्याची गंमत गेली.

या पेट्यांवर पूर्वी सर्रास दिसणारा पांढऱ्यावरचा लाल क्रॉस आता विरळ झाला आहे. ते चिन्ह जिनिव्हा करारांनी संरक्षित आहे. 2017 साली ब्रिटिश रेडक्रॉसच्या हरकतीनंतर 'प्रिझन आर्किटेक्ट'च्या निर्मात्यांनी आपल्या खेळातले क्रॉस हिरवे केले.

भाच्याच्या आग्रहाने मीही एकदा खेळलो. पुढे गरज लागेल म्हणून दोन मेडकिट जपून ठेवली आणि ती पिशवीत तशीच असताना मारला गेलो. भाचा शांतपणे म्हणाला, "मामानु, ती काय घराक नेतलास?"