आयसोट्रेटिनॉइन घेताना

चेहऱ्यावर आणि पाठीवर खोल, दुखऱ्या गाठी उठतात, त्या बसल्यावरही खड्डे मागे राहतात आणि मलमांनी किंवा प्रतिजैविकांनी गुण येत नाही, अशा तीव्र मुरमांसाठी त्वचारोगतज्ज्ञ आयसोट्रेटिनॉइन देतात. अ जीवनसत्त्वाशी नाते असलेल्या या औषधाला १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्वचेतील तैलग्रंथी आक्रसून तेलाचा पाझर कमी करणे, हे त्याचे मुख्य काम. मात्र पोटातून घेतलेले औषध सर्व शरीरात पोहोचते, म्हणूनच ते तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये.

सर्वांत गंभीर धोका गर्भाला आहे. गरोदरपणात हे औषध अगदी थोडे दिवस घेतले गेले, तरी बाळाचा मेंदू, हृदय, कान आणि चेहरा यांत गंभीर जन्मजात दोष निर्माण होऊ शकतात. त्यामुळे गर्भधारणा शक्य असलेल्या स्त्रीने उपचारापूर्वी आणि उपचार चालू असताना सांगितलेल्या वेळी गर्भचाचणी करावी, तसेच सुरुवातीच्या एक महिना आधीपासून शेवटच्या गोळीनंतर एक महिना उलटेपर्यंत खात्रीशीर गर्भनिरोधन वापरावे. याविषयी विचारताना डॉक्टरांनी संकोच करू नये आणि उत्तर देताना रुग्णानेही करू नये. येथील भिडेची किंमत फार मोठी असते. दान केलेले रक्त गरोदर स्त्रीला दिले जाऊ शकते, म्हणून गर्भाला असलेल्या याच धोक्यामुळे, स्त्री असो वा पुरुष, औषध थांबवल्यानंतर महिनाभर रक्तदान करता येत नाही.

यकृताचे कार्य आणि रक्तातील चरबी तपासण्यासाठी रक्तचाचण्या कराव्या लागतात, कारण ट्रायग्लिसराइड हा या चरबीचा प्रकार फार वाढल्यास स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सोबत घेऊ नयेत. डॉक्सिसायक्लिनसारखी टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविकेही टाळावीत, कारण दोन्ही एकत्र घेतल्यास कवटीतील दाब वाढण्याची भीती असते. तीव्र डोकेदुखी, उलट्या किंवा अंधूक दृष्टी जाणवल्यास औषध थांबवून तातडीने डॉक्टरांना गाठावे.

ओठ जवळजवळ प्रत्येकाचे फुटतात, डोळे कोरडे पडतात, काहींना रात्री कमी दिसते. उन्हापासून त्वचा जपावी, वॅक्सिंग टाळावे. सुरुवातीला मुरमे काहीशी वाढूही शकतात. मनःस्थितीकडे मात्र घरच्यांनीही लक्ष ठेवावे: सततची उदासी किंवा जीव देण्याचे विचार दिसले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

आणि उरलेल्या गोळ्या मुरमांनी त्रासलेल्या मैत्रिणीला किंवा भावंडाला कधीही देऊ नयेत.