एकशे चौऱ्याऐंशी परार्ध दाणे

(ग्वाल्हेरात, लष्कर भागात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

मंडळी, आपल्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६चा शिलालेख आहे. २७० हात लांब, १८७ हात रुंद फुलबाग आणि देवाला रोज ५० हार, असं दान त्यात कोरलंय. त्या २७० आणि ५० मधली शून्यं पाहायला लांबलांबून अभ्यासक येतात. आपल्या प्रत्येक मुलाला ती एकदा तरी दाखवा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आजची संख्या अशी: १८४४६७४४०७३७०९५५१६१५. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, पुढे दर घरात दुप्पट, म्हणजे चौसष्ट घरांत मिळून एवढे दाणे. भास्कराचार्यांची स्थानांची यादी परार्धावर, अठराव्या स्थानी थांबते. ही संख्या १८४ परार्धांच्याही वर जाते.

पण तिच्या आकारापेक्षा ती फुटते कशी, यात मला जास्त गोडी आहे. ती म्हणजे २चा ६४वा घात वजा १. शाळेतलं सूत्र आठवा: दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. ते लावत खाली उतरलं की हाती सहा अवयव येतात: ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७. पहिले पाच मूळ आहेत. सहावाही मूळच असणार, असं सतराव्या शतकात फ्रेंच गणिती फर्मा मानत होता. १७३२ साली स्विस गणिती ऑयलरनं दाखवलं, त्याला ६४१नं भाग जातो.

६४१च का? ४२९४९६७२९७च्या प्रत्येक मूळ विभाजकाला ६४नं भागलं की बाकी १ उरते, हे ऑयलरनं पुढे सिद्ध केलं. मग तपासायच्या मूळ संख्या थोड्याच: १९३, २५७, ४४९, ५७७, आणि पाचवी ६४१. भागाकार न करताही हे दिसतं, आणि ती युक्ती मला फार प्रिय आहे. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८, अधिक १. तसंच ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६. ६४१नं भागताना ५ गुणिले २चा ७वा घात याची बाकी उणे १. त्याचा चौथा घात घ्या, बाकी १. त्यात ५च्या चौथ्या घाताच्या, म्हणजे ६२५च्या, जागी उणे १६ ठेवा. उणे २चा ३२वा घात, बाकी १. म्हणजे २चा ३२वा घात अधिक १, बाकी शून्य! कागदावर चार ओळी.

४२९४९६७२९७चा दुसरा अवयव ६७००४१७, तोही मूळ. म्हणून आपल्या दाण्यांच्या संख्येला सात वेगवेगळे मूळ अवयव आणि १२८ विभाजक.

३, ५, १७, २५७ या माळेत कुठल्याही संख्येतून १ काढा, उरलेल्याचा वर्ग करा, त्यात १ मिळवा, की पुढची संख्या येते. ३ला शून्यावा क्रमांक देऊन ही माळ पुढे मोजली, तर पाचव्यापासून बत्तिसाव्यापर्यंत सगळ्या संख्या संयुक्त ठरल्यात. तेहतिसावीचा निकाल लागायचाय. विसावी आणि चोविसावी संयुक्त आहेत हे सिद्ध झालंय, पण त्यांचा एकही अवयव अजून कुणाच्या हाती लागलेला नाही.