किनाऱ्यावरच्या घोड्यासाठी ब्रश कसा निवडावा

मंडळी, घोड्याच्या ब्रशांचा तयार संच आता ऑनलाइनही मिळतो. एका पिशवीत सात-आठ वस्तू असतात आणि सगळ्या लागतीलच असं वाटतं. पण हा संच मुळात थंड देशातल्या घोड्यासाठी ठरलेला आहे. तिकडे हिवाळ्यात घोड्याला दाट, लांब केस येतात, त्यांत चिखल वाळून बसतो आणि तो सोडवायला राठ ब्रश लागतो. अलिबाग, नागाव, काशीद, मुरूडच्या पुळणीवर तुमचे जे घोडे आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांत काठियावाडी किंवा मारवाडी रक्त दिसतं. केस आखूड, कातडी पातळ. आपल्याकडे तशी थंडीच नाही, म्हणून दाट केसही येत नाहीत. घोड्याच्या अंगावर साचते ती वाळू, वाळलेलं मीठ आणि घाम, आणि पावसाळ्यात असते ती ओल. तेव्हा ब्रश निवडताना पिशवीवरचं चित्र बाजूला ठेवा आणि वाळू, मीठ, घाम आणि ओल या चार गोष्टींचा विचार करा.

पहिली वस्तू रबराचा खरारा. हातात पट्ट्याने बसणारा, लंबगोल, खाली बोथट दाते असलेला. याने केसांच्या मुळाशी बसलेली वाळू, कोंडा आणि गळलेले केस वर येतात. मान, खांदा, बरगड्या, पुठ्ठा अशा मांसल भागांवर छोटी गोल वळणं घेत फिरवायचा. तोंडावर, गुडघ्याखाली, पाठीच्या कण्यावर आणि कमरेच्या हाडांवर फिरवायचा नाही. तिथे कातडीखाली लगेच हाड असल्याने घोड्याला दुखतं. रबर घेताना दाते बोटाने वाकवून पाहा. सहज वाकून परत सरळ झाले तर घ्या. प्लॅस्टिकचे कडक दाते काठियावाडी कातडीला सोसत नाहीत.

लोखंडी खरारा आपल्याकडे जिकडेतिकडे दिसतो आणि तो सरळ घोड्याच्या अंगावर चालवला जातो, हे थांबायला हवं. त्याचं खरं काम ब्रश साफ करण्याचं आहे. मऊ ब्रशाचे चार-पाच हात अंगावर मारले की ब्रश त्याच्या दात्यांवर एकदा ओढायचा, म्हणजे गोळा झालेली धूळ खाली पडते. खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजतं, गंजलेल्या दात्याला धार येते आणि ती धार अंगावर बारीक ओरखडे काढते. त्या ओरखड्यांत घाम आणि मीठ गेलं की घोडा साज चढवताना अंग चोरतो, आणि मालक म्हणतो घोडा हट्टी झाला. ब्रश साफ करायला प्लॅस्टिकचा दातेरी खरारा पुरतो आणि तो गंजत नाही.

दुसरी वस्तू मध्यम राठ ब्रश. खराऱ्याने वर आलेली वाळू झटकायला तो लागतो. याचे केस साधारण ४ ते ५ सेंटिमीटर लांब असतात. केसांच्या दिशेने, मनगटाला शेवटी हलका झटका देत मारायचा, म्हणजे वाळू अंगाबाहेर उडते. नुसता दाबून ओढला तर वाळू केसांतच पुढे सरकते. सगळ्यात जास्त चूक खरेदी याच ब्रशाची होते. 'राठ म्हणजे मजबूत' असं समजून सर्वांत कडक ब्रश उचलला जातो. दुकानात उभ्या उभ्या एक परीक्षा करा. मनगटाच्या आतल्या मऊ कातडीवर ब्रश दाबून एकदा ओढा. टोचलं किंवा पांढरे चरे उठले तर तो ब्रश खुरांसाठी ठेवा, अंगासाठी नको. घोड्याची कातडी अंगावर बसलेली माशीसुद्धा ओळखते आणि तेवढीच जागा थरथरवते. आपल्याला टोचतं ते त्यालाही टोचतंच.

तिसरा मऊ ब्रश. केस आखूड, साधारण २ सेंटिमीटर, पण फार दाट. कातडीतलं तेल अंगभर पसरून केसांना चकाकी आणणारा हाच. त्याच्यावर पैसे खर्च करा, बाकी ठिकाणी काटकसर चालेल. विकत घेताना केसांच्या पुंजक्यांत बोट घालून मुळाशी लाकूड दिसतं का पाहा. पटकन दिसलं तर ब्रश विरळ आहे. एखादा पुंजका चिमटीत धरून हलकेच ओढा. दोन-तीन केस हातात आले तर तो पहिल्याच पावसाळ्यात टकला होईल. ब्रशाची पाठ आपल्या पंजात मावेल अशी असावी. लहान मुलगा खरारा करणार असेल तर छोटाच ब्रश घ्या, नाहीतर तो निसटून घोड्याच्या पायात पडतो.

आता केस कशाचे असावेत? डुकराचे किंवा घोड्याचे नैसर्गिक केस तेल उचलतात आणि मऊ असतात, म्हणून कोरड्या अंगावर त्यांच्यासारखं काम दुसरं कोणी करत नाही. पण ते ओल धरतात आणि जुलैत त्यांना बुरशी येते. नायलॉन पाणी धरत नाही, धुऊन लगेच वाळतं, मात्र स्वस्त नायलॉनची टोकं कापल्यासारखी धारदार असतात आणि कोरड्या दिवसांत त्याला धूळ चिकटते. आपल्या हवेला जमणारी वाटणी अशी: मध्यम ब्रश नायलॉनचा, मऊ ब्रश नैसर्गिक केसांचा, आणि पावसाळ्यापुरता एक मऊ नायलॉनचा ब्रश वेगळा. पाठ लाकडाची असेल तर सांध्यात पाणी शिरून फुगते आणि तडकते. चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते. पट्टा कापडी किंवा नायलॉनचाच बघा.

काथ्याचा ब्रश आपल्याकडे सहज मिळतो आणि खाऱ्या पाण्यात तो कुजत नाही, ही त्याची मोठी बाजू. खुराच्या बाहेरच्या भिंतीवरचा चिखल काढायला तो उत्तम. अंगावर मात्र नको. नारळाच्या सोडणाने घोडा घासायची सवयही काही ठिकाणी आहे. सोडणाच्या धाग्यांत वाळू अडकते आणि ती झटकून निघत नाही. वापरलंच तर एकदाच, भिजवून, आणि मग फेकून द्या.

पुळणीवरून आलेल्या घोड्याला लगेच ब्रश लावू नका. ओल्या केसांत वाळू असताना ब्रश दाबला की तो पॉलिश पेपरासारखा चालतो. आधी पाय, पोट, तंगाखालची (पोटाखालून आवळायच्या पट्ट्याखालची) आणि खोगिराखालची जागा गोड्या पाण्याने धुवा, कारण मीठ वाळलं की खाज सुटते आणि घोडा खांबाला अंग घासतो. मग पाणी निथळायची पट्टी केसांच्या दिशेने ओढा. ती गुडघ्याखाली नको, तिथे कापडाने टिपा. सावलीत, वारा लागेल अशा जागी अंग पूर्ण वाळू द्या. त्यानंतर खरारा, मध्यम ब्रश, मऊ ब्रश याच क्रमाने. साज चढवण्याआधी तंगाच्या आणि छातीवरच्या पट्ट्याच्या जागेवरून उघडा तळहात फिरवा. एक कण लागला तरी पुन्हा ब्रश करा. तंगाखालच्या बहुतेक जखमा पट्ट्यामुळे झाल्या असं सांगितलं जातं, पण अनेकदा पट्ट्याखाली वाळू असते.

काम करताना घोड्याकडे लक्ष असू द्या. ओठ सैल पडला, मान पुढे आली तर ब्रश बरा बसतोय. कान मागे पडले, शेपूट आपटू लागली किंवा त्याने दात दाखवले तर त्याला दम देऊ नका. दाब कमी करा, ब्रश बदला, आणि त्या जागी सूज किंवा जखम आहे का पाहा.

तोंडासाठी छोटा, अगदी मऊ ब्रश. डोळे आणि नाकपुड्यांसाठी एक स्पंज, शेपटीखालच्या भागासाठी दुसरा. दोन्ही एकाच रंगाचे घेऊ नका, गडबडीत अदलाबदल होते. आयाळ आणि शेपटीला राठ ब्रश लावला की केस मधूनच तुटतात. शेपटीचा एक पदर हातात धरून गाठी आधी बोटांनी सोडवा, मग रुंद दात्यांची फणी खालच्या टोकापासून सुरू करून वर वर चढवत न्या. फणीच्या वरच्या बाजूला केस मुठीत धरले की मुळाला ओढ बसत नाही.

खूर साफ करायचा आकडा हे तर रोजचं हत्यार. ओहोटीला अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे घोडागाडी नेणाऱ्यांनी तो गाडीतच ठेवावा. कालवांच्या कपच्या आणि बारीक खडे नालाच्या कडेला अडकतात. आकडा नेहमी टाचेकडून पुढे ओढायचा. तळव्याच्या मधला तिकोनी भाग मऊ असतो, त्यात टोक रुतवायचं नाही, फक्त त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा मोकळ्या करायच्या. तिथे काळा, घाण वासाचा चिकट स्राव दिसला तर खूर सडायला लागलाय. नालबंदाला आणि डॉक्टरला दाखवा.

पावसाळ्यात किनाऱ्यावरचा धंदा थांबतो आणि घोडे तबेल्यात ओलीला उभे राहतात. तेव्हा पाठीवर खपल्या येतात आणि केसांचे झुपके खपलीसकट सुटतात. गोल, केस गेलेले चट्टे दिसले तर तो गजकर्णाचा प्रकार असू शकतो, आणि तो माणसालाही लागतो. दोन्ही रोग ब्रशावरून एका घोड्याचे दुसऱ्याला जातात. एका ब्रशाने पाच घोडे करायची पद्धत म्हणूनच महागात पडते. प्रत्येक घोड्याचा संच वेगळा ठेवा, ब्रशाच्या पाठीवर रंगाची खूण करा. आजारी घोड्याचं अंग शेवटी करा आणि हात धुवा. त्या घोड्याच्या खपल्या कोरड्या असताना ब्रशाने उपटू नका.

ब्रश धुण्याची रीत अशी: आधी केस झटकून काढा, साबणाच्या पाण्यात चोळा, कारण घाण राहिली तर जंतू मारायच्या औषधाचा उपयोग होत नाही. नायलॉनचा ब्रश मग एक भाग घरगुती ब्लीच आणि दहा भाग पाणी यात १० मिनिटं बुडवा आणि खळखळून धुवा. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. नैसर्गिक केस ब्लीचने खराब होतात, त्यांच्यासाठी क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाचं द्रावण डॉक्टरांना विचारून वापरा. ब्रश केस खाली करून उन्हात वाळवा, नाहीतर पाणी पाठीत उतरतं. बंद प्लॅस्टिकच्या डब्यात ओला ब्रश टाकू नका, जाळीच्या पिशवीत टांगा.

पैसे एकदम नसतील तर आधी रबराचा खरारा, मऊ ब्रश आणि आकडा घ्या, मध्यम ब्रश पुढच्या महिन्यात. आणि ज्या ब्रशाचे केस एका बाजूला झुकून परत उठत नाहीत, तो तबेल्याच्या पाणवठ्याची टाकी घासायला लावा.