अपडेटनंतर स्क्रीन बिघडली तर

नमस्कार श्रोतेहो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा उरकलाय, शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदासाठी थांबलाय आणि बिलाच्या सॉफ्टवेअरमधलं 'सेव्ह'चं बटणच खाली कापलं गेलंय. रात्री विंडोजचं अपडेट झालं, एवढंच निमित्त. अशा वेळी 'फॉरमॅट मारा' असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. त्याचं ऐकू नका.

आधी बघा, सगळी स्क्रीन बिघडलीय की फक्त एकच सॉफ्टवेअर?

एकच असेल तर बहुधा स्केलिंगची, म्हणजे स्क्रीनवरची अक्षरं-चित्रं किती मोठी दाखवायची त्या मापाची भानगड असते. जुनी सॉफ्टवेअर शंभर टक्के मापासाठी, म्हणजे ९६ डीपीआयसाठी (इंचामागे ९६ ठिपके) लिहिलेली. अपडेटनंतर ते माप १२५ किंवा १५० टक्के झालं, की अक्षरं फुगतात, चौकटी मात्र तेवढ्याच राहतात. डेस्कटॉपवर राइट क्लिक करून 'डिस्प्ले सेटिंग्ज'मध्ये 'स्केल' किती आहे ते बघा. शंभरवर आणल्यावर बाकी सगळं फार बारीक दिसत असेल, तर आहे तसंच ठेवा आणि इलाज त्या एका सॉफ्टवेअरपुरता करा. त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'कम्पॅटिबिलिटी', 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'. सगळ्यात खालच्या चौकोनात टिक करा आणि यादीतून 'सिस्टिम' निवडा. अक्षरं थोडी पुसट होतील, पण बटणं जागेवर येतील. पुसटपणा खुपला तर 'सिस्टिम एन्हान्स्ड' करून बघा. काही सॉफ्टवेअरला ते मानवतं, काहींना नाही. दर बदलानंतर सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडायचं.

बिलावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतोय? मग कृतिदेवसारखा जुना फॉन्ट निघून गेलाय. तो पुन्हा टाका, झालं.

आता सगळीच स्क्रीन. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होते, ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला स्क्रीनवर चित्र दाखवायला लावणारा प्रोग्रॅम, नव्यानं सुरू होतो. उघडी कामं तशीच राहतात. तरी स्क्रीनवर आडवे-उभे पट्टे दिसत असतील तर स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर पाठवा. त्यात पट्टे नसतील तर संशय केबल किंवा मॉनिटरवर घ्या, आणि आधी केबल काढून घट्ट बसवा.

स्क्रीनशॉटमध्येही पट्टे असतील, किंवा सगळं अचानक मोठं आणि ताणलेलं दिसत असेल, तर स्टार्टवर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'डिस्प्ले अडॅप्टर्स'खाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' लिहिलं असेल, तर खरा ड्रायव्हर लागलेलाच नाही. तो कॉम्प्युटरच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलनंबरचाच घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाच्या फुकट्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. 'डिस्प्ले अडॅप्टर्स'खालचं नाव बरोबर असेल तर त्यावर डबल क्लिक, 'ड्रायव्हर', 'रोल बॅक ड्रायव्हर'. ते बटण फिकट असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही, तोही साइटवरूनच आणायचा.

विंडोजची आवृत्तीच बदलली असेल तर जुन्या आवृत्तीवर परत नेणारं, 'सेटिंग्ज'च्या 'रिकव्हरी'मधलं 'गो बॅक' साधारण १० दिवसच चालतं. ते दाबण्याआधी बिलांचा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या.