पित्त झालंय, पण कुठलं?

नमस्कार श्रोतेहो. माझ्या दवाखान्यात येणारी बरीच माणसं खुर्चीत टेकायच्या आधीच निदान सांगून मोकळी होतात. "काही नाही हो मॅडम, पित्त झालंय. जरा गोळी लिहून द्या." मी विचारते, "कुठलं पित्त?" मग मात्र समोरची व्यक्ती गोंधळते.

कारण हा शब्द आपण फार राबवलाय. छातीत जळजळलं, पित्त. अर्धं डोकं ठणकून उलटी झाली, पित्त. अंगावर गांधी उठल्या आणि आजीने आमसुलाचं पाणी चोळलं, तेही पित्तच. आम्ही डॉक्टर ज्याला पित्त म्हणतो तो यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा, कडू रस. दिवसाला अर्धा ते एक लिटर. तो पित्ताशयात साठतो आणि तेलातुपाचं खाल्लं की आतड्यात उतरून ते पचवायला मदत करतो. जळजळ बहुतेक वेळा त्याची नसतेच. ती जठरातल्या आम्लाची. म्हणून मी आधी विचारते, तोंडाला पाणी येतं ते आंबट की कडू?

त्यानंतर मी पेशंटचा हात बघते. दुखणं सांगताना हात आपोआप जागेवर जातो. तळवा पोटाच्या वरच्या भागातून गळ्यापर्यंत वर सरकला, तर आम्ल अन्ननलिकेत चढतंय. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूंची एक झडप असते, ती सैल पडते. रात्री साडेदहाला जेवून अकराला आडवं झालं की हे होणारच. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा-आठ इंच उंच करा. नुसत्या दोन उशा घेऊन भागत नाही, त्याने पोट दुमडतं आणि आम्ल आणखी वर येतं. उपवासाचं म्हणाल, तर 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण माझ्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी खरी होते. शेंगदाण्याचा कूट घातलेली तुपातली साबुदाण्याची खिचडी, तळलेले वेफर्स आणि पाच कप चहा, याला पोट उपवास मानत नाही.

आम्ल कमी करणारी गोळी, पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल, बऱ्याच घरांत डब्यात असतेच. पण ती जेवल्यावर, जळजळ सुरू झाली की घेतात. ती घ्यायची सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. आणि किती दिवस घ्यायची हे डॉक्टरांना विचारून. वर्षानुवर्षं आपल्या मनाने नाही.

हात उजव्या बरगडीखाली गेला, तिथून पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे वळला, आणि "काल लग्नात जेवलो होतो" असं ऐकू आलं, की मी सोनोग्राफी लिहून देते. हे पित्ताशयातले खडे असू शकतात. मुतखड्यासारखे ते भरपूर पाणी प्यायल्याने पडून जात नाहीत. त्रास न देणाऱ्या खड्यांना सहसा कुणी हात लावत नाही. कळा येत असतील तर मात्र दुर्बिणीतून पित्ताशय काढणं हाच खात्रीचा उपाय.

आणि हाताची मूठ छातीच्या मधोमध दाबली गेली, अंगाला घाम सुटलाय, जिना चढताना दुखतं आणि थांबलं की कमी होतं, तर कृपा करून सोडा पीत बसू नका. लगेच ईसीजी काढा. मधुमेही माणसांत आणि बायकांत हृदयविकाराचा झटका कधी कधी निव्वळ अपचनासारखा येतो. "गॅस होता" समजून रात्र काढलेला पेशंट सकाळी बघायला मला अजिबात आवडत नाही.

अर्धं डोकं दुखणं, उजेड नकोसा होणं, मग उलटी, ही बहुधा अर्धशिशी. उपाशी राहिल्याने ती चाळवते, म्हणून पोटाला दोष लागतो. काही जण रोज सकाळी घशात बोटं घालून 'पित्त काढतात'. त्याने दातांचं वरचं आवरण झिजतं आणि अन्ननलिकेला इजा होते. गांधींचा संबंध अ‍ॅलर्जीशी. पण ओठ किंवा जीभ सुजली, तर तडक दवाखाना गाठा.

आता अल्सरची गोष्ट. पूर्वी सगळे समजायचे की जठरातली जखम तिखट खाण्याने आणि चिंतेने होते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या डॉक्टरांना पेशंटच्या जठरात वळणदार जंतू दिसले. प्रयोगशाळेत ते काही केल्या वाढेनात. 1982 साली ईस्टरच्या सुट्टीत जंतू वाढवायच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस उबेत राहिल्या आणि जंतू वाढले. तरी अल्सर या जंतूंमुळे होतो, हे लोकांना पटेना. मग 1984 मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं, घरी बायकोला न सांगता. काही दिवसांत त्यांना उलट्या सुरू झाल्या, आणि दुर्बिणीने पाहिलं तर जठराला सूज. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्या जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी.

अल्सरचं दुसरं मोठं कारण तुमच्या घरातच असू शकतं: अंगदुखीच्या गोळ्या. गेल्या वर्षी एक मावशी आल्या. साठीच्या पुढच्या. थकवा येतो, दम लागतो, आणि "थोडं पित्त आहे". डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, आत कागदासारखी पांढरी. शौचाचा रंग विचारला तर लाजल्या. खूप खोदल्यावर म्हणाल्या, डांबरासारखी काळी, चिकट. आता लोहाच्या गोळ्यांनीही शौचास काळं होतं, पण त्या मावशी घेत नव्हत्या. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक मात्र दोन वर्षं रोज पोटात जात होती. दुर्बिणीची तपासणी म्हटल्यावर घाबरल्या. खरं तर घशात बधिर करणारा फवारा मारतात, पाच-दहा मिनिटांचं काम. सहा-आठ तास उपाशी राहायचं, एवढंच. जठरात जखम निघाली, आणि जठराचा छोटा तुकडा काढून तपासल्यावर तो पर्थचा जंतूही. वेदनाशामक गोळ्या बंद केल्या आणि जंतूवर चौदा दिवसांचं औषध दिलं. बरं वाटलं म्हणून पाचव्या दिवशी थांबलं की जंतू चिवट होतो, हे त्यांच्या सुनेला मी दोनदा सांगितलं.

काळं शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, किंवा पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली जळजळ. यातलं काही असेल तर दुर्बीण टाळू नका. शौचातून लाल रक्त गेलं तर 'मूळव्याधच असेल' असंही घरी ठरवू नका. बघणाऱ्याला बघू द्या.

उपचार संपल्यावर महिनाभराने मावशींची शौचाची तपासणी केली, आधी दोन आठवडे आम्लाची गोळी थांबवून. जंतू गेला होता. रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी एकच विचारलं, "आमरस खाल्ला तर चालेल ना?" मी म्हटलं, खा, फक्त दुपारी. आणि वर लगेच वामकुक्षी नको.