नाकापेक्षा मोती जड होऊ नये म्हणून

[दृश्य : काळ्या मखमलीवर एक नथ. कॅमेरा मोत्यांच्या अगदी जवळ.]

हिचं वजन साडेतीन ग्रॅम. तळहातावर ठेवली तर जाणवतही नाही. पण तळहाताला जे जाणवत नाही ते नाकपुडीला जाणवतं, आणि सकाळच्या मुहूर्तापासून रात्रीच्या वरातीपर्यंत जाणवत राहतं. 'नाकापेक्षा मोती जड' ही म्हण आपण एरवी माणसांबद्दल वापरतो. नथ निवडताना ती शब्दशः घ्यावी लागते.

हिशोब करून बघा. ३ मिलिमीटरचा गोल मोती भरतो साधारण ०.०४ ग्रॅम. ६ मिलिमीटरचा मोती भरतो ०.३ ग्रॅम. व्यास दुप्पट झाला, वजन मात्र आठपट. दुकानात 'जरा मोठे मोती घाला' असं म्हणणं सोपं असतं. तीन मोती ५ ऐवजी ६ मिलिमीटरचे केले, तर पाऊण मिलिमीटर जाडीच्या एका तारेवर जवळजवळ ०.४ ग्रॅम भार वाढतो, आणि तो नाकाला लागून न वाढता घोसात, म्हणजे नाकापासून लांब वाढतो. म्हणून नथ खाली झुकते, फिरते, ओठावर येते.

[दृश्य : अजिंठ्याच्या भित्तिचित्रातला स्त्रीचा चेहरा.]

अजिंठ्यातल्या या स्त्रिया पाहा. कानात, गळ्यात, केसांत दागिनेच दागिने, आणि नाक मोकळं. नाकातला दागिना आपल्याकडे तुलनेनं उशिरा आला, असं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले अभ्यासक प. कृ. गोडे यांनी पुराव्यांनिशी मांडलं होतं. नथ उशिरा आली, पण मराठी चेहऱ्यावर अशी बसली की आज नऊवारीसोबत नथ नसेल तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

[दृश्य : चिमट्यात धरलेला एकच मोती. त्याच्या भोकावर उजेड.]

नथीचा जीव मोत्यात आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

जुन्या नथींमध्ये 'बसरा मोती' असत. बसरा हे इराकमधल्या बाजारपेठेचं नाव. मोती निघत ते इराणच्या आखातात, बहरीन-कुवेतच्या बाजूच्या शिंपल्यांच्या पट्ट्यांत. तिथून ते मुंबईत येत. इथे त्यांची प्रतवारी व्हायची, धनुष्यासारख्या कामठ्यानं भोकं पाडली जायची, रेशमी गोंडे लावून जुड्या बांधल्या जायच्या आणि पुढे पॅरिसपर्यंत माल जायचा. मुंबईचे व्यापारी मोत्याचं मोल 'चव' या मापात काढत. चव वजनाच्या वर्गाप्रमाणे वाढते : वजन दुप्पट, तर चव चौपट. त्यामुळे भोक पाडणारा जितकं बारीक भोक पाडेल तितकं वजन कमी घटेल, आणि तितका मालकाचा फायदा. जुन्या बसरा मोत्यांची भोकं इतकी बारीक का, याचं एक कारण हे.

१८९३ मध्ये जपानच्या मिकिमोतो कोकिची यांनी शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवून दाखवला. १९२० च्या दशकात असे माणसानं वाढवलेले पूर्ण गोल मोती, म्हणजे कल्चर मोती, बाजारात आले आणि आखाताचा नैसर्गिक मोत्यांचा धंदा बसत गेला. आज पेढीवर 'खरा मोती' म्हणून जो मिळतो तो बहुतेक वेळा गोड्या पाण्यातला कल्चर मोती असतो. त्यात फसवणूक नाही, तोही शिंपल्यातच वाढलेला असतो. फसवणूक होते ती काचेचा किंवा प्लॅस्टिकचा मणी मोत्याच्या दरानं विकला जातो तेव्हा.

ओळखायचं कसं? मोती समोरच्या दाताच्या कडेवर हलकेच घासा. खरा मोती, नैसर्गिक असो वा कल्चर, किंचित खरखरीत लागतो, बारीक रवा लागावा तसा. काच आणि प्लॅस्टिक गुळगुळीत सरकतात. मग दहापट भिंगातून भोकाची कड पाहा. नकली मण्याचा रंग तिथेच पापुद्र्यासारखा सुटलेला दिसतो. पण नैसर्गिक आणि कल्चर यांतला फरक दातानं कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत क्ष-किरण तपासणीच लागते. आजीच्या नथीतले मोती बसऱ्याचे आहेत असं घरात सांगत असतील, तर मोडीत घालण्याआधी ही तपासणी करून घ्या. ते मोती एकदा सुटे होऊन वाटीत पडले की कोणते कुठले, हे पुन्हा सांगता येत नाही.

[दृश्य : जंतरातून ओढली जाणारी तार.]

आता सोनं. ही पोलादी पट्टी म्हणजे जंतर. तिच्यावर एकाहून एक बारीक भोकं. तार एकेका भोकातून ओढायची. दोन-चार भोकांनंतर ती कडक होते, म्हणून लालसर होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करायची. हे तापवणं टाळलं की तार वाकवताना तडकते. नथीचा मुख्य आकडा जाड तारेचा, आणि मोती बांधायची तार त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी बारीक. बांधणीची तार भोकाला घट्ट झाली तर मोती चिरतो. फार सैल झाली तर मोती हलत राहतो, आणि हलणारी तार करवतीसारखी भोक मोठं करत जाते. सहा महिन्यांत नथ 'खुळखुळायला' लागते ती यामुळेच.

२२ कॅरेटचं सोनं मऊ असतं. टोचलेल्या नाकाच्या नथीला ते चालतं. न टोचलेल्या नाकावर चिमटीसारख्या बसणाऱ्या दाबाच्या नथीला मात्र तारेत स्प्रिंगसारखी लवचीक पकड हवी. २२ कॅरेटचा दाब काही दिवसांत सैलावतो, आपण बोटानं पुन्हा दाबतो, पुन्हा सैलावतो, आणि एक दिवस त्याच जागी तुटतो. दाबाच्या नथीसाठी १८ कॅरेट निवडणं हा कमीपणा नाही. तिथे तेच सोनं जास्त शहाणपणाचं आहे.

[दृश्य : मोत्यांच्या घोसातला लाल खडा, भिंगातून.]

लाल खडा माणिक म्हणून विकला जात असेल तर एक प्रश्न जरूर विचारा : यात काच भरलीय का? भेगाळलेल्या माणकात शिशाची काच भरून ते स्वच्छ दाखवलं जातं. भिंगाखाली खडा हलवला की अशा भेगांतून निळसर झळक दिसते, बारीक चपटे बुडबुडे दिसतात. असं माणिक लिंबाच्या रसानंही खराब होतं, मग सोनाराच्या तेजाबाची, म्हणजे तीव्र आम्लाची, गोष्टच सोडा. हिरव्या पाचूच्या भेगांत बहुधा तेल मुरवलेलं असतं. ते उष्णतेनं बाहेर येतं आणि खडा निस्तेज पडतो.

म्हणून दुरुस्तीचा नियम एकच : नथीवर ज्योत धरण्याआधी मोती आणि खडे काढलेच पाहिजेत. मोत्यात सेंद्रिय अंश असतो, तो करपतो. मोती तपकिरी पडतो, तडकतो आणि पुन्हा कधीच पांढरा होत नाही. 'पाच मिनिटांत डाक लावून देतो', म्हणजे तापवून जोड देतो, असं कोणी म्हणालं, तर नथ परत मागून घ्या.

[दृश्य : तराजू. शेजारी पावती.]

पावतीवर दोन वजनं वेगळी लिहिलेली हवीत : एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन. आपल्या साडेतीन ग्रॅमच्या नथीत सोनं अडीच ग्रॅमच असू शकतं. उरलेलं वजन मोत्यांचं आणि खड्यांचं, त्याला सोन्याचा दर लागता कामा नये. हॉलमार्कमध्ये तीन खुणा शोधा : बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, २२के९१६ किंवा १८के७५० असा शुद्धतेचा अंक, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर हा एचयूआयडी सक्तीचा आहे. बीआयएस केअर ॲपवर तो टाकून पडताळता येतो. मात्र २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि हल्लीच्या नाजूक नथी नेमक्या याच वजनात बसतात. अशा वेळी कॅरेटोमीटरवर, म्हणजे सोन्याची शुद्धता मोजणाऱ्या यंत्रावर, तपासून घ्या आणि शुद्धता पावतीवर लिहून घ्या.

[दृश्य : आरशासमोर एक तरुणी. नाकात बारीक चमकी.]

लग्नाच्या पंधरा दिवस आधी नाक टोचून घेण्याची घाई करू नका. नाकपुडी आतून बरी व्हायला चार ते सहा महिने लागू शकतात. ओल्या जखमेत नथ घातली की ती दर हालचालीला ओढली जाते, सूज येते, बाजूला मांसल गाठ धरते. टोचताना बंदूक नको, निर्जंतुक सुई हवी. वेळ कमी असेल तर दाबाची नथ खुशाल वापरा. मेकअप करताना नाकपुडीच्या त्या जागी, आतून आणि बाहेरून, फाउंडेशन किंवा क्रीम लावू देऊ नका. तेलकट त्वचेवरून दाब घसरतो. मग तो आवळला जातो, आणि तासाभरात नाक लाल.

अत्तर, केसांचा स्प्रे, पावडर सगळं झालं की शेवटी नथ. उतरवताना सगळ्यांत आधी नथ. मोत्याचं मुख्य द्रव्य कॅल्शियम कार्बोनेट, घामाच्या आम्लानंही ते झिजतं. मऊ ओल्या सुती कापडानं एकेक मोती पुसा, वाऱ्यावर सुकवा. रिठ्याच्या पाण्यात बुडवू नका, टूथपेस्ट तर नकोच, आणि पेढीवरच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात नथ टाकू देऊ नका. ठेवायची ती मलमलीच्या पुरचुंडीत, इतर दागिन्यांपासून वेगळी. लॉकरमध्ये सिलिका जेलची पुडी सोबत ठेवू नका. फार कोरड्या हवेत मोती तडकतात.

[दृश्य : पुन्हा आरसा. तरुणी नथ अडकवते.]

आणि विकत घेण्याआधी हे करून पाहा. दुकानातल्या खुर्चीत दहा मिनिटं नथ घालून बसा. मान दोन्ही बाजूंना वळवा, खाली वाका, आशीर्वाद घेताना वाकतो तसं. पाण्याचा घोट घ्या. घोस पेल्याच्या काठाला लागत असेल, तर जेवणाच्या पंगतीत तो हातानं उचलून धरावा लागेल. मग मनापासून हसा, फोटोपुरतं नको. हसताना नाकपुडी रुंदावते, ओठ वर जातो, आणि नथ जराशी उचलली जाते. मोती ओठाच्या वरच थांबले, गालावर त्यांची हलकी सावली पडली आणि हात आपोआप नाकाकडे गेला नाही, तर ही नथ तुमची.

[दृश्य : हसरा चेहरा. मोत्यांवर खिडकीचा उजेड. हळूहळू काळोख.]